वाटाड्याने किती बोलावे?

गेल्या दिवाळीत माझ्या नातवाने माझी तुलना एका तुटलेल्या मुंडक्याशी केली. सणासुदीच्या अंकात हे वाक्य जरा अभद्र वाटेल, तेव्हा आधी हकिगत सांगतो.

मुलगा, सूनबाई नि नातू पाच दिवसांसाठी पुण्याहून जालन्याला आले होते. नातू नववीत आहे. फराळ झाला, फटाक्यांची हौस एका संध्याकाळीच भागली, आणि मग बापाचा संगणक टीव्हीला जोडून स्वारी खेळायला बसली. मी शेजारच्या आरामखुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. पण खोटे कशाला बोलू, वर्तमानपत्र हातातच राहिले नि डोळे पडद्यावर गेले. ‘गॉड ऑफ वॉर’ नावाचा तो खेळ उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या पुराणकथांवर बेतलेला होता. क्रेटॉस नावाचा एक दांडगा, दाढीवाला योद्धा, त्याचा वयात येऊ लागलेला मुलगा, आणि योद्ध्याच्या कमरेला लटकवलेले एक मुंडके. मुंडके जिवंत, शहाणे नि अतिशय बोलके. मीमिर हे त्याचे नाव. मूळ पुराणातही मीमिरचे मुंडके आहे. ओडिन हा देवांचा राजा ते जपून ठेवतो नि अडचणीच्या वेळी त्याचा सल्ला घेतो. फरक इतकाच की पुराणात ओडिन विचारतो आणि मग मुंडके बोलते. खेळात ते विचारण्याची वाट पाहत नाही.

एका ठिकाणी योद्ध्याची वाट बंद झाली. पाण्याच्या जोराने फिरणारे एक मोठे चाक, एक साखळी, आणि वर कुठेतरी अडकलेला पूल. योद्ध्याजवळ एक कुऱ्हाड असते. ती फेकली की जिथे लागेल तिथले पाणी गोठते. नातू मान वाकडी करून पाहत होता, मनाशी काही जुळवीत होता. अर्धे मिनिटही झाले नसेल, तोच सोबत्यांपैकी एकजण बोललाच, की ते पाणी गोठवले तर चाक थांबेल, नाही का? नातवाने हातातले यंत्र मांडीवर आपटले.

“अरे, बघतोय ना मी! जरा थांबायला काय होतं याला?”

मला हसू आले. तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, “हसताय काय आबा? हा अगदी तुमच्यासारखाच आहे.”

सूनबाईंनी स्वयंपाकघरातून “काय रे बोलतोस!” म्हणून त्याला दटावले. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र दटावले नाही. त्या नुसत्या हसल्या, आणि पंचेचाळीस वर्षांच्या संसाराचा दाखला त्या हसण्यात होता.

मी तेहतीस वर्षे शाळेत शिकविले. सांगणे हाच माझा व्यवसाय होता, आणि निवृत्त झाल्यावर व्यवसाय सुटला तरी खोड सुटली नाही. त्यामुळे पोराचे ते वाक्य मला लागले. दुसऱ्याचे अडले असता आपण बोलावे की गप्प बसावे? बोलावे तर केव्हा नि किती? प्रश्न दिसतो लहान. पण बापाला, मास्तराला, वैद्याला, मित्राला, एवढेच काय, नवराबायकोलाही तो दिवसातून दहा वेळा पडतो, आणि बहुतेक वेळा आपण त्याचे उत्तर विचाराने देत नाही, जिभेने देतो.

त्या रात्री नातवाची शिकवणी लावून मी ह्या बोलक्या सोबत्यांची माहिती करून घेतली. त्यांची जात जुनी आहे. १९९८ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने काढलेल्या ‘झेल्डा’ मालिकेतल्या एका खेळात नावी नावाची एक परी नायकाभोवती भिरभिरत असते, आणि “अरे, ऐक!” असे म्हणून त्याला घडोघडी थांबवते. त्या परीने जगभरच्या मुलांना इतके भंडावले, की चिडविणाऱ्या सोबत्याचे उदाहरण म्हणून अजूनही तिचे नाव निघते. मी विचारले, “मग खेळ करणारी शहाणी माणसे अशी पात्रे घालतातच कशाला?” तो म्हणाला, “आबा, लोक अडकतात ना! फार वेळ अडकले की खेळ बंद करतात, नि पुन्हा उघडतच नाहीत.” म्हणजे करणाऱ्याचीही बाजू होती. ज्याने महिनोन् महिने खपून डोंगर, नद्या नि राजवाडे उभे केले, त्याला आपला पाहुणा पहिल्याच दारातून परत जावा असे वाटत नाही. तो दाराशी एक बोलका माणूस ठेवतो. पाहुणा जाईल ही भीती जेवढी मोठी, तेवढा हा माणूस अधिक बोलतो.

नातू खेळत होता तो भाग २०२२ साली निघाला. त्यातले सोबती विचार करायला उसंतच देत नाहीत, अशी ओरड तेव्हा पुष्कळ खेळणाऱ्यांनी केली. पुढे २०२४ साली संगणकासाठी आवृत्ती निघाली, तीत असे इशारे कमी करण्याची सोय करून दिली. नातवाने ती मला दाखविली आणि लगेच वापरलीही. मला त्या मुंडक्याचा हेवा वाटला. आम्हा बोलक्या माणसांना असे बटण नसते. आमच्यापासून सुटका करून घ्यायची तर माणसाला पुण्याला नोकरी धरावी लागते.

पण खरी मौज पुढेच आहे. मी म्हटले, “एवढा वैताग आहे, तर त्याला पार गप्पच का करीत नाहीस?” त्यावर पोरगा म्हणाला, “नको! होडीत बसलं की तो गोष्टी सांगतो. त्या मला आवडतात. उत्तरं सांगतो ते नाही आवडत.” हे योद्धे मधूनमधून होडीने प्रवास करतात. तेव्हा ते मुंडके देवांच्या, राक्षसांच्या, जुन्या भांडणांच्या कथा सांगते. होडी काठाला लागली की कथा तोडते, आणि मंडळी काम उरकून पुन्हा होडीत आली की राहिलेल्या ठिकाणापासून पुढे सुरू करते. नातवाला सोबत हवी होती. तिच्याबरोबर येणारी लुडबूड तेवढी नको होती.

हे ऐकून मला आमच्याकडचा गोंधळ आठवला. लहानपणी लग्नानंतर घरोघर गोंधळ घातला जाई. नाईक आख्यान लावायचा, संबळ नि तुणतुणे चालू असायचे, आणि त्याचा एक साथीदार मधेमधे तोंड घालायचा. राजा वनात गेला असे नाईकाने म्हटले, की हा विचारणार, “वनात कशाला गेला बुवा? घरी भांडण झालं होतं का?” बायकामुले खदखदून हसत. पण त्या वात्रटपणात एक शहाणपण होते. साथीदाराला सगळे आख्यान पाठ असे; पुढे काय होणार हे तो नाईकाइतकेच जाणे. तरी त्याने कधी ‘पुढे राजा मरतो’ असे सांगून टाकले नाही. तो अजाण माणसाचे सोंग घ्यायचा नि विचारायचा. आम्हां श्रोत्यांच्या मनात जे घोळत असे, ते तो आमच्या वतीने बोलायचा. ठाऊक असून विचारणे ही सोबत्याची फार वरची पायरी आहे. मी तेहतीस वर्षे खडू झिजविला, पण त्या पायरीवर क्वचितच पोचलो.

कारण मला घाई असे. एक प्रसंग अजून मनातून जात नाही. शाळेचे स्नेहसंमेलन होते. नाटकात सहावीतली एक मुलगी राणीचे काम करीत होती, आणि मी पडद्याआड वही घेऊन प्रॉम्प्टिंगला उभा होतो. तिचे वाक्य आले, ती थांबली. आता मला वाटते, ती विसरली नव्हती. रडू आवरण्यासाठी राणी थांबेल तशी ती थांबली होती. मला ती शांतता सोसली नाही. मी वाक्य दिले, तेही सगळे, आणि एवढ्या मोठ्याने, की शेवटच्या रांगेपर्यंत गेले. लोक हसले. मुलीने वाक्य पुरे केले, खाली मान घालून आत आली, आणि त्यानंतर मी असेपर्यंत शाळेच्या रंगमंचावर पुन्हा उभी राहिली नाही. पुढे नाटकात मुरलेल्या एका माणसाने मला सांगितले, “गुरुजी, प्रॉम्प्टरने नटाच्या डोळ्यांकडे बघायचं असतं, वहीकडे नाही. त्यानं मागितलं तर पहिला शब्द द्यायचा. वाक्य त्याचं त्याला सापडतं.”

त्या दिवशी मी कोणाला मदत केली? मुलीला नव्हे. ती दोन क्षणांची शांतता मला जड गेली म्हणून मी बोललो. औषध मी घेतले, आणि कडू तोंड तिचे झाले. न विचारता दिलेल्या सल्ल्यांचा हिशेब मांडला, तर त्यांतले निम्म्याहून अधिक असेच निघतील. दुसऱ्याचे अडखळणे आपल्याला पाहवत नाही. आपला जीव कासावीस होतो. तो शांत करण्यासाठी आपण बोलतो, आणि त्याला परोपकार असे नाव देतो.

एवढ्यावर हा लेख संपविता आला असता, आणि ‘गप्प बसा’ हे तात्पर्य हाती आले असते. पण भाऊबीज झाल्यावर आम्ही असईला गेलो, आणि प्रकरण तेवढे सोपे राहिले नाही.

असई आमच्याच जिल्ह्यात आहे. जालन्याहून राजूरच्या गणपतीला नमस्कार करून भोकरदनच्या बाजूला निघाले, की केळणा नि जुई ह्या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात ते गाव लागते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे दौलतराव शिंदे नि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी इंग्रजांची लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा. मराठ्यांची फौज केळणेच्या पलीकडच्या काठावर होती, संख्येने कितीतरी मोठी, आणि तोफखाना जबरदस्त. समोरून नदी ओलांडणे म्हणजे तोफांच्या तोंडी जाणे. वेलस्लीने बरोबरच्या वाटाड्यांना विचारले, खाली कुठे उतार आहे का? वाटाड्यांनी सांगितले, नाही. तेव्हा त्याने स्वतः पुढे जाऊन पाहिले. नदीच्या दोन काठांवर, समोरासमोर, दोन गावे त्याला दिसली. इंग्रजी हकिगतींत त्यांची नावे पीपलगाव नि वारूर अशी येतात. इतक्या जवळ, नदीच्या दोन अंगांना दोन गावे वसली आहेत, तर त्यांच्यात जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असा तर्क त्याने केला. माणूस पाठवून पाहिले, उतार होता. फौज तिथून पार झाली. संध्याकाळपर्यंत मराठ्यांच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. त्याचीही दीड हजारांवर माणसे मेली नि जखमी झाली. पण दिवस त्याचा ठरला.

नदीच्या काठी उभे राहून हे मी नातवाला सांगितले. तो थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिला नि म्हणाला, “म्हणजे त्याच्याकडेपण मुंडकं होतं. पण त्यानं विचारून घेतलं, नि मग ऐकलंच नाही.” मग एकदम म्हणाला, “आणि आबा, वाटाड्ये आपल्यातलेच होते ना? मग ते मुद्दाम नाही म्हणाले असतील.”

मी चमकलो. हरलेल्या बाजूच्या घरात जन्मूनही ही गोष्ट मी आजवर इंग्रजाच्या डोळ्यांनीच पाहत आलो होतो. वाटाड्याच्या मनात काय होते ते त्याचे त्यालाच ठाऊक. पण वाटाड्यालाही मन असते, एवढे मात्र पोराने मला दाखविले. सल्ला नुसत्या ज्ञानातून येत नाही. देणारा कोणत्या काठावर उभा आहे, त्याला काय हवे आहे, हे त्या सल्ल्यात मिसळलेले असते. महाभारतात दोन सारथी समोरासमोर आहेत, दोघेही बोलके. शल्य कर्णाचा रथ हाकतो, आणि वाटेने त्याला कावळ्याची नि हंसाची गोष्ट ऐकवून त्याचा तेजोभंग करतो, कारण तसे वचन त्याने युधिष्ठिराला दिलेले असते. कृष्ण अर्जुनाचा रथ हाकतो आणि त्याला अठरा अध्याय ऐकवतो. त्या अठरा अध्यायांपेक्षा मला त्यांच्या शेवटाशी येणारी एक गोष्ट मोठी वाटते. सगळे सांगून झाल्यावर तो म्हणतो, याचा पुरता विचार कर आणि मग तुझ्या इच्छेला येईल तसे कर. ज्याला सर्व ठाऊक आहे असे आपण मानतो, त्याने शेवटचा शब्द दुसऱ्याच्या हाती ठेवला.

पोरगा चपला काढून पाण्यात उतरला, आणि मुलगा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. तो आता बेचाळीस वर्षांचा आहे. थोडा वेळ इकडचे तिकडचे झाले. मग तो म्हणाला, “अण्णा, एक विचारायचं होतं. नोकरीचं आता काही खरं दिसत नाही. कंटाळाही आलाय. जालन्याला परत यावं का? इथंच काहीतरी सुरू करावं म्हणतो. तुम्ही सांगाल तसं करू.”

वाचकहो, असे वाक्य कानावर पडावे म्हणून म्हातारी माणसे नवस करतात. आमच्या घरात आम्ही दोघेच. रात्री वीज गेली की एकमेकांचा श्वास ऐकत बसतो. ‘ये’ एवढा एकच शब्द माझ्या तोंडाशी आला होता. आणि त्याच क्षणी मला भीती वाटली. ह्या मुलाने दहावीनंतर शास्त्रशाखेला जायचे ते मी ठरविले. अभियांत्रिकीचे अर्ज मी भरले. कोणती शाखा, कोणते गाव, पहिली नोकरी कोणती, सारी उत्तरे मी दिली. प्रश्न त्याच्या तोंडून पुरता निघायच्या आत दिली. मोठ्या प्रेमाने दिली. त्याचे फळ माझ्यासमोर उभे होते: बेचाळिसाव्या वर्षी नदीच्या काठावर उभा राहून ‘तुम्ही सांगाल तसं करू’ म्हणणारा एक गुणी मनुष्य.

मग गप्प बसावे का? तुझा निर्णय तू घे, असे म्हणून मोकळे व्हावे का? तेही मी एकदा केले आहे, नि त्याचीही शिक्षा भोगतो आहे. २०१२-१३च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. माझ्या एका चुलतभावाची दोन एकर बाग होती, पोटच्या पोरासारखी वाढविलेली. त्याने बोअर घ्यायचे ठरविले. पाणाड्या आला, तळहातावर नारळ ठेवून शेतभर फिरला, नारळ उभा राहिला तिथे खूण केली. भाऊ माझ्याकडे आला नि म्हणाला, “दादा, काय करावं? घ्यावा का बोअर?” त्या शिवारात आजूबाजूचे किती बोअर कोरडे गेले होते ते मला ठाऊक होते. पैसा व्याजाचा आहे हेही ठाऊक होते. मी म्हटले, “बाबा, तुझी बाग, तुझा निर्णय.” त्याने एक घेतला, कोरडा गेला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. बाग गेलीच; वर कर्ज राहिले. मी त्या दिवशी त्याच्या स्वातंत्र्याचा मान राखला असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. खरी गोष्ट अशी, की उद्या बाग गेली तर ‘दादाने नको म्हटले म्हणून गेली’ असा बोल मला नको होता. माझे मौन माझ्या सोयीचे होते.

म्हणजे पाहा, एकीकडे पडद्याआडून मोठ्याने दिलेले वाक्य, दुसरीकडे बागेच्या बांधावर गिळलेला शब्द. एकात बोललो, एकात गप्प राहिलो, आणि दोन्हींत मी माझेच पाहिले. तेव्हा बोलणे चांगले की मौन चांगले, हा वादच मला आता फोल वाटतो. सापावर पाय पडत असलेल्या माणसाला कोणी पहिला शब्द देऊन थांबत नाही; ओरडूनच सांगावे लागते. पण मनुष्य कोडे सोडवीत असेल, तर त्याला थोडे अडू द्यावे. अडणे हा त्या कामाचाच भाग आहे. विहीर खणणाऱ्याला मुरूम लागला म्हणून कोणी त्याच्या हातातली पहार काढून घेत नाही.

शिवाय आपण सांगितलेले कोणाच्या कानात काय होऊन पडेल, ह्यावर आपली सत्ता नसते. आमच्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, घनसावंगी तालुक्यात, जांब हे गाव आहे. तिथे १६०८ साली समर्थ रामदास जन्मले. बाराव्या वर्षी ते बोहल्यावर उभे होते. भटजींनी ‘सावधान’ म्हटले. आणि तो एक शब्द ऐकून मुलगा मांडवातून पळाला, अशी आख्यायिका आहे. त्या भटजींच्या मनात काही इशारा होता काय? मुळीच नाही. तो शब्द त्यांनी शेकडो लग्नांत उच्चारला असेल. मांडवातल्या सगळ्यांनी तो ऐकला, नि सगळे अक्षता हातात घेऊन उभे राहिले. एकालाच तो लागू पडला, कारण प्रश्न त्याच्याजवळ आधीपासून होता. आख्यायिकेची दुसरी बाजूही विसरू नये: मांडवात एक मुलगी अंतरपाटासमोर उभी होती, आणि घरात एक आई होती. सावध होणाऱ्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागली. इतक्या साध्या शब्दाचे जर असे होते, तर आपण मोठ्या हुशारीने रचलेल्या सल्ल्यांचे पुढे काय काय होत असेल!

नदीकाठी मी मुलाला काय सांगितले, ते आता लिहितो. प्रथम मी त्याला म्हटले, “हे बघ, तू परत यावंस असं मला फार वाटतं. आईलाही वाटतं. म्हणून माझ्या बोलण्यातून तेवढं वजा करून ऐक.” वाटाडा कोणत्या काठाचा आहे, हे त्याने आधी सांगून टाकावे, असे मला त्या ठिकाणी वाटले. मग मला ठाऊक होते ते सांगितले: गावात काय चालते, कोणाचे धंदे बसले, घर दुरुस्त करायला किती लागेल, माझ्या पेन्शनीतून काय होऊ शकेल नि काय होणार नाही. चुलतभावाच्या बागेची गोष्ट त्याला अर्धीच माहीत होती, ती पुरी सांगितली. हे सगळे बोलताना जीभ तीनदा ‘म्हणून तू असं कर’ ह्या शब्दांपाशी आली, आणि तीनदा मी पाण्यात खडे मारणाऱ्या नातवाकडे पाहिले. शेवटी म्हटले, “तू काहीही ठरव. इकडे ये, नाहीतर तिकडेच राहा. ठरवून चुकलास तर ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही.”

तो बराच वेळ बोलला नाही. मग “बरं, बघतो,” एवढेच म्हणाला. मला वाटते, माझ्यासमोर असे तो पहिल्यांदाच म्हणाला असेल.

हे शेवटचे वचन मी सहज देऊन बसलो खरा, पण सगळ्यांत अवघड तेच आहे, असे आता ध्यानात येते. सल्ला देणे सोपे, गप्प बसणेही जमते. आपला सल्ला न मानणाऱ्याच्या रथावर, त्याच प्रेमाने, घोड्यांचे लगाम हातात धरून बसून राहणे कठीण. ऐकले नाही की आपण रुसून खाली उतरतो. ‘आता तुझे तू पाहा’ म्हणतो. तिथे कळते की आपण सोबतीला आलो नव्हतो, आपले म्हणणे खरे करायला आलो होतो. त्या खेळातल्या मुंडक्याला नातू इतके बोलला, त्याचे बोलणे तोडले, त्याचे इशारे बंद केले. तरी होडीत बसल्याबरोबर ते बिचारे मागची गोष्ट पुढे सुरू करीत होते. त्याला उतरून जाता येत नाही, हे खरे. पण आपल्याला तरी आपल्या माणसांना सोडून कुठे जाता येते?

परतीच्या आदल्या रात्री नातू पुन्हा खेळायला बसला. सगळी झोपली होती. मी नि तो. तो एका दाराशी अडला. इशारे कमी केलेले असल्यामुळे पडद्यावर सारी मंडळी शांत होती. पाच मिनिटे गेली, दहा गेली. उजव्या भिंतीवर, उंच, वेलींच्या मागे पाण्याची एक पन्हळ होती. मला ती केव्हाच दिसली होती. त्याची कुऱ्हाड भलतीकडेच लागत होती. माझ्या घशाशी शब्द आले, ते मी गिळले, पुन्हा आले. अखेरीस त्यानेच मागे न पाहता विचारले, “आबा, झोपलात का?”

“नाही रे. बघतोय.”

“मग ठीक आहे,” तो म्हणाला, आणि पुन्हा शोधू लागला.

मी चष्मा काढला नि धोतराच्या सोग्याने पुसत बसलो. काचा स्वच्छच होत्या.

आता श्रावण चालू आहे. मुलाने अजून काही ठरविल्याचे कळविलेले नाही. दर रविवारी त्याचा फोन येतो. पाऊस किती झाला, मोसंबीला भाव काय, आईचे गुडघे कसे आहेत, हे सगळे होते. त्या एका गोष्टीविषयी मी विचारीत नाही. ह्या दिवाळीला मंडळी येणार आहेत, एवढे मात्र नक्की आहे.